वेल सडला, तर पाप कोणाचे?

शास्त्रपाठ : आमोस ४:१-९, मलाखी ३:५-११, लूक १३:१-९

पावसाळा आला की आपल्या पुष्कळ घरांच्या परसात भोपळा, दुधी, काकडी यांचे वेल मांडवावर चढतात. हंगामाच्या उपकारस्तुतीच्या रविवारी त्यांतलेच पहिले फळ मंदिरात आणले जाते. म्हणून वेल सडला की घरच्यांच्या जिवाला चुटपुट लागते, आणि अशा वेळी मंडळीतले कोणीतरी सहज बोलून जाते, "दशांश राहिला असेल." मुले हे ऐकत असतात. तेव्हा शब्बाथ शाळेच्या शिक्षकांनी हा विषय टाळू नये असे आम्हांस वाटते.

आधी वेलाकडेच पाहू. कोवळ्या फळाच्या सालीवर टाचणीने टोचल्यासारखा ठिपका व त्यातून पाझरलेला डिंक दिसला, तर ते बहुधा फळमाशीचे काम. ती सालीखाली अंडी घालते. अळ्या आतला गर खातात, फळ वाकडे होते, सडते, गळून पडते. मग अळ्या मातीत शिरून कोष करतात व काही दिवसांनी नव्या माश्या वर येतात. आपण सडके फळ उचलून उकिरड्यावर टाकतो, म्हणजे माशीचे घर आपणच पोसतो! असे फळ दोन फूट खोल पुरावे, किंवा प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून बरेच दिवस कडक उन्हात ठेवावे. फळ धरल्याबरोबर त्याला कागदी पिशवी बांधली तर माशीला टोचता येत नाही. क्यू-ल्यूरच्या सापळ्यात नर माश्या सापडतात. पण एकाच घराने सापळा लावून भागत नाही, कारण माशी शेजारच्या परसातूनही येते.

पानावर पिठासारखी पांढरी पूड बसली तर ती भुरी. शिरांच्या मध्ये कोंडलेले पिवळे, कोनदार डाग आणि पानाखाली करडी बुरशी असली तर तो केवडा. पाने ओली राहिली की तो फैलावतो. दोन्हींत रोगट पाने काढावीत, वेल दाटू देऊ नये, पाणी बुंध्याशी घालावे. एक भाग दूध व नऊ भाग पाणी फवारण्याचा घरगुती उपाय भुरीपुरता चांगला आहे. ब्राझीलमधील एका संशोधकाने १९९९ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत तो भोपळ्याच्याच जातीच्या झुकिनीवर गुणकारी ठरला होता. जमिनीला टेकलेल्या फळाखाली वीट किंवा कौल सरकवावे. बोटाएवढी फळे पिवळी पडून टोकाकडून सडू लागली, तर पुष्कळदा तो रोगच नसतो. मादी फुलाला पराग मिळालेला नसतो. भोपळ्याचे नर फूल सकाळी, दुधीचे संध्याकाळी, तोडून मादी फुलावर हलकेच घासावे. फुले उमललेली असताना कीटकनाशक मारणाऱ्याने मधमाशी मरते याचा विचार करावा.

आता शास्त्राकडे वळू. दशांशाचे बोलणारे मलाखी ३:११ चा आधार देतात. तेथे खाऊन टाकणाऱ्याला देव धमकावील असे अभिवचन आहे, हे खरे. पण ते बोलणे सगळ्या राष्ट्राशी आहे (वचन ९), आणि थोडेच आधी, ५ व्या वचनात, मजुराची मजुरी बुडवणारे व विधवेला छळणारे यांची झडती घेतली आहे. ते वचन देणाऱ्याला धीर देण्यासाठी आहे. शेजाऱ्याची वही तपासण्यासाठी नव्हे. आमोस तर याहून सडेतोड आहे. पिकांवरील रोग देवाने पाठवले असे तो ४:९ मध्ये म्हणतो. पण ते कोणावर? पाचच वचने मागे पाहावे. ते लोक दशांश आणीतच होते! संदेष्टा त्यावरून त्यांना टोमणा मारतो. त्यांचा अपराध पहिल्या वचनात आहे : त्यांनी दीनांना चिरडले होते. आमोसाच्या वचनाने एखाद्या गरीब बहिणीच्या वेलाचा न्याय करणे म्हणजे त्याच वचनाच्या उलट जाणे होय.

शिलोहाचा बुरूज पडून जे अठरा मेले ते अधिक अपराधी होते का, हा प्रश्न प्रभूने स्वतः काढला व नाही असे उत्तर दिले. पश्चात्तापाची हाक मात्र ऐकणाऱ्यांनाच दिली. आणि लगेच त्याने कोणता दाखला सांगितला? अंजिराचे झाड तोडण्याऐवजी त्याच्याभोवती खणून खत घालू, एक वर्ष थांबा, अशी विनवणी करणाऱ्या माळ्याचा. तो माळी झाडाला दोष देत बसला नाही, खोरे हाती घेऊ म्हणाला.

वर्गासाठी : शिक्षकाने गळालेले एक फळ आणून मुलांसमोर कापावे व अळ्या दाखवाव्यात. मग विचारावे, "या अळीला घरच्या माणसांचा दशांश कसा कळला?" मुले हसतील; हसू द्यावे. मोठ्या वर्गाने आमोस ४:४ व ४:९ शेजारी शेजारी लिहून काढावे. मंडळीत ज्यांचा वेल गेला असेल त्यांच्या घरी, त्यांना विचारून, पुढच्या शनिवारी मुलांना न्यावे, सडकी फळे वेचून पुरावीत, मांडवाखालची माती हलवावी आणि आपल्या घरचे थोडे बी त्यांना द्यावे. खोरे व दोन घमेली बरोबर असू द्यावीत.