तुळई, खांब आणि भूकंप : एक अभ्यास

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी परिसर हादरला आणि लातूर व तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांतील सुमारे ८ हजार माणसे मृत्युमुखी पडली. भूकंपाची तीव्रता ६.२ च्या सुमारास होती. बैठ्या घरांच्या गावांत एवढी हानी का व्हावी? दैवकोप हे या प्रश्नाचे उत्तर नव्हे. इतिहासाचा अभ्यासक कागदपत्रे तपासतो, त्याच दृष्टीने आम्ही ती पडझड तपासू इच्छितो.

तेथील बहुतेक घरे माळवदाची होती. मातीच्या गाऱ्यात रचलेल्या जाड दगडी भिंतींचे आतील व बाहेरील थर आरपार दगडांनी सांधलेले नव्हते. हादऱ्याने ते थर अलग झाले आणि भिंती व छपरावरील मातीचा भार झोपलेल्या माणसांवर कोसळला. काही घरांत मात्र भिंती ढासळूनही लाकडी खांब व तुळयांचा सांगाडा उभा राहिला. म्हणजेच जाडी आणि वजन यांपेक्षा परस्परांची जोडणी अधिक महत्त्वाची ठरली.

दगडविटांच्या इमारतीत ही जोडणी सलग काँक्रीट पट्टा करतो. केवळ दारा-खिडक्यांवर तुटक लिंटेल टाकल्याने भिंती बांधल्या जात नाहीत. मोळीला दोर आवळावा तसा जोते, लिंटेल व छत या पातळ्यांवर पट्टा चारही भिंतींवरून अखंड फिरला पाहिजे.

आरसीसी इमारतीत खांब तुळईपेक्षा बळकट हवा. तुळईच्या टोकाशी तडे गेले तरी मजला बहुधा तग धरतो. खांब मोडला तर वरचे सारेच खाली येते. २६ जानेवारी २००१ च्या कच्छ भूकंपात तळमजला वाहनांसाठी मोकळा ठेवलेल्या अनेक इमारती अशाच कोसळल्या. स्लॅबच्या जाडीत लपवलेली चपटी तुळई दिसायला सुबक, परंतु तिच्यामुळे सांगाडा अधिक डोलतो. खोल तुळईतही खांबालगत रिंगा दाट हव्यात आणि त्यांची टोके १३५ अंशांत आत वळवलेली हवीत. भारतीय मानक १३९२० हेच सांगते.

निवासी शाळेत मुले रात्रीही त्याच छताखाली असतात. म्हणून बांधकाम समितीच्या सदस्यांना आमची विनंती आहे : काँक्रीट ओतण्यापूर्वी अभियंत्यासह सळ्या व रिंगा स्वतः पाहाव्यात. एकदा स्लॅब पडल्यावर त्या कोणालाच दिसत नाहीत.