गोष्टीच्या खेळातला खलनायक

पाच-सहा जणांनी गोल बसून गोष्ट ‘खेळायची’ असा एक खेळ आहे. एक जण सूत्रधार होतो, बाकीचे गोष्टीतले एकेक पात्र घेतात. सूत्रधार प्रसंग सांगतो : पुढे पाणी आहे, काठाला नाव बांधलेली आहे, नावाडी मात्र दिसत नाही. काय करता? ज्याला जे सुचेल ते तो सांगतो आणि ते जमले की फसले, हे फासा ठरवतो. अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ साली ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या नावाने असा खेळ प्रसिद्ध केला आणि तो पुढे जगभर गेला. पालकांना हे प्रकरण परके वाटायचे कारण नाही. कोकणातल्या दशावतारात संवाद लिहून दिलेले नसतात. कथानक सर्वांना ठाऊक असते आणि बोलणे रंगमंचावर उभ्या उभ्या सुचते. आपली मुले वही, पेन्सिल आणि फासा घेऊन तेच करतात.

या खेळात सगळ्यात अवघड काम सूत्रधाराचे, आणि त्यातही अवघड म्हणजे खलनायक. मुले पहिल्यांदा लिहितात तेव्हा तो बहुतेक ठरलेला असतो. काळा झगा, लाल डोळे, गडगडाटी हास्य आणि ‘मला जगावर राज्य करायचे आहे’ हे वाक्य. तो शेवटच्या गुहेत बसून राहतो, खेळाडू तिथे पोचतात, तीनदा फासा टाकतात, तो मरतो. आठवड्याने त्याचे नावही कुणाला आठवत नाही. आठवावे असे त्याने काही केलेलेच नसते.

आता दशावतारातला संकासूर पाहा. त्याने वेद पळवलेले आहेत, म्हणजे अपराध काही लहान नव्हे. पण तो रंगमंचावर येतो तो मालवणी बोलत, लोकांची थट्टा करत, आणि पोरे त्याचीच वाट पाहत बसलेली असतात. विष्णूच्या हातून त्याचा अंत होणार हे सर्वांना माहीत असते, तरी तो असेपर्यंत मजा त्याचीच. खलनायक प्रेक्षकांना भेटला पाहिजे, त्यांच्याशी बोलला पाहिजे, हे कोकणातल्या कलावंतांना फार आधी कळले होते. ट्रेसी आणि लॉरा हिकमन यांनी १९८३ साली ‘रेव्हनलॉफ्ट’ हा खेळ लिहिला, त्यातला काउंट स्ट्राड आजही खेळणाऱ्यांच्या तोंडी आहे. तोही किल्ल्यात शेवटपर्यंत वाट पाहत बसत नाही. मध्येच समोर येतो, बोलतो, निघून जातो.

दुसरे उदाहरण मोठ्या विद्यार्थ्यांसाठी. विजय तेंडुलकरांचे ‘घाशीराम कोतवाल’ १९७२ साली पुण्यात रंगमंचावर आले. त्यातला घाशीराम कनौजहून पुण्यात आलेला परका माणूस. त्याच्यावर चोरीचा आळ येतो, मार खातो, अपमान होतो, आणि सूड घ्यायचा म्हणून तो आपल्या मुलीलाच पणाला लावून कोतवाली मिळवतो. मग तो गावाला छळतो, शेवटी गाव त्याला दगडांनी मारते. पण त्याला कोतवाल करणारे नाना फडणवीस सुखरूप राहतात. नाटक म्हणजे इतिहास नव्हे, नानांच्या या चित्रणावर त्या काळी वादही खूप झाला. आपल्या कामापुरते एवढे घ्यावे की घाशीराम जन्माने दुष्ट नव्हता, तो कसा झाला हे आपण डोळ्यांनी पाहतो. आणि आपल्याला आणखी एक गोष्ट खटकावी. घाशीराम उत्तरेकडून मराठी मुलखात गेला होता, आपले पूर्वज मराठी मुलखातून इकडे आले. परका कोण, हे कुठे उभे राहून बघतो त्यावर ठरते.

आता घराजवळ येऊ. मंडीदीपहून भोजपूर जवळच आहे, महादेवाचे ते अपुरे राहिलेले प्रचंड देऊळ आपण सर्वांनी पाहिले आहे. अकराव्या शतकात राजा भोजाने तिथे बांध घालून विस्तीर्ण तलाव केला असे मानतात. बांधाचे अवशेष आजही दिसतात. मंडीदीप हे त्या तलावातले बेट होते, नावातला ‘दीप’ म्हणजे द्वीप, असे जुनी माणसे सांगतात. पुढे माळव्याचा सुलतान होशंगशाह याने (कारकीर्द १४०६ ते १४३५) हा बांध फोडला. दंतकथा अशी की फौजेला बांध कापायला तीन महिने लागले, तलाव रिकामा व्हायला तीन वर्षे, आणि तळाची जमीन माणसाने राहण्याजोगी व्हायला तीस वर्षे.

याच्यावर खेळ लिहा म्हटले की होशंगशाहला शिंगे लावायचा मोह होतो. ते करू नये असे आम्हाला वाटते. एक तर त्यात पुन्हा तोच काळा झगा येतो. दुसरे असे की, खलनायकाची जात, धर्म किंवा भाषा हेच त्याचे दुष्टपण ठरले, तर वर्गात त्या घरातून आलेला जो मुलगा खेळायला बसला आहे, त्याने कोणते पात्र घ्यायचे? ज्याला उत्तर देता येत नाही तो खेळ आपल्या शाळेत नको.

म्हणून सुलतानाला मांडूतच राहू द्या. त्याच्याऐवजी एक मोजणीदार पाठवा. मध्यम वयाचा, सौम्य, पायात धुळीने भरलेले जोडे, खांद्यावर मोजणीची दोरी. खेळाडू म्हणजे बेटावरच्या कोळ्यांची आणि नावाड्यांची मुले. मोजणीदार पहिल्याच प्रसंगात त्यांच्या घरी उतरतो, भाकरी खातो, आजीच्या गुडघ्याला औषध देतो. त्याच्या वहीत चारशे कुटुंबांची नावे आहेत, दुष्काळात जमीन गेलेली, रस्त्यावर आलेली. तलाव हटला तर तळाची काळी माती त्यांना वाटता येईल. तो खोटे बोलत नाही. बांध कापायच्या आधी तो गावोगाव दवंडी पिटवतो, कारण एकही माणूस बुडू द्यायचा नाही हा त्याचा नेम आहे. नेम असला की खलनायक जिवंत वाटतो. खेळाडूंना तो नेम वापरताही येतो. आपले माणूस बांधावर बसवले तर मोजणीदार काम थांबवील का? टाका फासा.

आता खेळाडूंमध्येच भांडण लागेल, आणि लागू द्यावे. एक म्हणेल, आमचे जाळे आणि नाव गेली तर आम्ही खायचे काय? दुसरा म्हणेल, पण ती चारशे घरे? सूत्रधाराने मध्ये पडू नये. या ठिकाणी खेळ तास-दीड तास सहज रेंगाळतो, आणि हाच त्याचा उत्तम भाग असतो.

मोजणीदाराला एक गोष्ट मात्र माहीत नसावी : ती तीस वर्षे. गाळ वाळेल, दलदल राहील, ताप पसरेल, आणि वहीतली बहुतेक माणसे जमीन मिळण्याआधीच म्हातारी होतील. हे बेटावरच्या एखाद्या म्हाताऱ्या नावाड्याला ठाऊक असेल, कुठल्या तरी आटलेल्या तळ्याच्या काठी त्याचे लहानपण गेले असेल. खेळाडूंनी त्याला शोधले, विश्वासात घेतले आणि मोजणीदारापुढे आणले, तर तलवार न काढता डाव जिंकता येतो. नाही शोधले, तर बांध फुटतो. तेव्हाही मोजणीदाराला हसायला लावू नका. तो दोरी गुंडाळून निघून जातो, बस्स.

मोठ्या मुलांसाठी याहून कठीण विषय आहे, आणि तो आपल्याला थोडा बोचणारा आहे. १८१२-१३ मध्ये ग्वाल्हेरचे शिंदे आणि नागपूरचे भोसले यांच्या फौजांनी भोपाळला कित्येक महिने वेढा घातला होता. वजीर मोहम्मद खान यांनी शहर लढवले, उपासमार सोसली, बायकांनीही तटावरून लढाईला हात लावल्याच्या आठवणी सांगितल्या जातात, आणि शेवटी वेढा उठला. त्या गोष्टीत तटाबाहेर उभा असलेला माणूस मराठी बोलतो. पहिल्या बाजीरावाचा १७३७ चा भोपाळजवळचा विजय आपण अभिमानाने शिकवतो. हा वेढा सहसा शिकवत नाही. एक डाव तटाच्या आतून खेळून पाहावा. बाहेरच्या मराठा सरदाराचे पात्र सूत्रधाराने असे करावे की त्याचे शब्द ऐकताना आपल्या आजोबांची बोली आठवेल, त्याच्या छावणीत गणपती बसेल, आणि तरीही शहरात धान्य जाऊ न देण्याचा हुकूम तोच देईल. काही पालकांना हे आवडणार नाही याची आम्हाला कल्पना आहे. त्यांनी एकदा मुलांबरोबर खेळायला बसावे, अशी विनंती.

फाशाविषयी थोडेसे. वीस बाजूंचा फासा मिळाला तर उत्तम, नाहीतर लुडोचे दोन चालतील. मग सात किंवा त्याहून जास्त पडले की जमले असे धरावे. खलनायकासाठी सूत्रधाराने फासा सर्वांसमोर टाकावा, झाकून नाही. झाकलेल्या फाशावर मुले एकदा रुसली की खेळ संपतो.

पुढील अंकासाठी अभ्यास : आपल्या खलनायकाला स्वतःविषयी दहा ओळी बोलू द्या. ‘दुष्ट’, ‘क्रूर’, ‘सूड’ हे शब्द वापरायचे नाहीत. त्याने आज सकाळी काय खाल्ले आणि कुणाची वाट पाहतो आहे, हे त्यात आले पाहिजे. इयत्ता सहावी ते दहावीच्या विद्यार्थ्यांनी कागदाच्या एकाच बाजूला, समास सोडून लिहून मराठीच्या बाईंकडे द्यावे. पालकांनी लिहिलेलेही चालेल, फक्त मुलांच्या नावावर देऊ नये.