दोन पॅनलचा फाईल मॅनेजर : माऊसला हात न लावता फाईली हाताळूया

कॉम्प्युटरवरच्या फाईली पेनड्राइव्हवर घ्यायच्या म्हटलं की आपण दोन विंडो उघडतो, माऊसने फाईली ओढतो आणि मध्येच बोट सुटलं की फाईल भलत्याच फोल्डरमध्ये पडते. मग शोधाशोध! यावर सोपा उपाय म्हणजे दोन पॅनलचा फाईल मॅनेजर.

ही पद्धत जुनी आहे. १९८६ साली डॉसवर नॉर्टन कमांडर आला. त्याच धर्तीवर पुढे लिनक्सवर मिडनाइट कमांडर, विंडोजवर टोटल कमांडर आणि दोन्हीकडे चालणारा मोफत डबल कमांडर आले. यांच्या मुख्य कळा जवळजवळ सारख्याच आहेत. म्हणजे एकदा शिकलं की सगळीकडे उपयोगी.

मुख्य कळा

- टॅब – एका पॅनलमधून दुसऱ्यात जाणे
- एंटर – फोल्डर उघडणे
- इन्सर्ट – फाईल निवडणे
- एफ३ – फाईल नुसती पाहणे
- एफ४ – फाईलमध्ये बदल करणे
- एफ५ – कॉपी
- एफ६ – हलवणे (मूव्ह)
- एफ७ – नवीन फोल्डर
- एफ८ – डिलीट

काही लॅपटॉपवर या कळांसोबत एफएन ही कळही दाबावी लागते.

सर्वात महत्त्वाचा नियम

ज्या पॅनलमध्ये कर्सरची पट्टी आहे ते 'इकडून', आणि दुसरे ते 'तिकडे'. एफ५ आणि एफ६ नेहमी इकडून तिकडे काम करतात. एफ८ मात्र इकडचंच पुसतं! म्हणून एफ८ दाबण्याआधी पट्टी कुठल्या पॅनलमध्ये आहे आणि वर कोणत्या फोल्डरचं नाव दिसतंय, हे आधी वाचा.

उदाहरण

समजा, स्नेहसंमेलनाचे फोटो पेनड्राइव्हवर न्यायचे आहेत आणि नंतर कॉम्प्युटरवरची जागा मोकळी करायची आहे.

१. विंडोजवर ऑल्ट+एफ१ दाबून डावीकडे फोटोंचा ड्राइव्ह आणि ऑल्ट+एफ२ दाबून उजवीकडे पेनड्राइव्ह निवडा.
२. टॅबने उजवीकडे जा, एफ७ दाबून नवीन फोल्डर करा आणि एंटरने त्यात शिरा.
३. टॅबने परत डावीकडे या. इन्सर्ट दाबत फोटो निवडा. खाली निवडलेल्या फाईलींची संख्या दिसते, ती लिहून ठेवा.
४. एफ५ दाबा. कॉपी कुठे होणार तो पत्ता समोर येतो. तो वाचूनच एंटर करा.
५. उजवीकडे जाऊन संख्या जुळते का बघा. दोन-चार फोटो एफ३ ने उघडून पाहा.
६. सगळं बरोबर असेल तरच डावीकडे येऊन एफ८.

आता तुम्ही विचाराल, सरळ एफ६ का नाही दाबायचं? एकाच ड्राइव्हवर फाईल हलवली की फक्त तिचा पत्ता बदलतो, काम क्षणात होतं. पण दुसऱ्या ड्राइव्हवर हलवताना आधी कॉपी होते आणि मग मूळ फाईल पुसली जाते. म्हणजे आपण तपासायच्या आधीच मूळ प्रत गेलेली असते. शिवाय पेनड्राइव्हवरून डिलीट केलेली फाईल विंडोजच्या रिसायकल बिनमध्ये सहसा जात नाही. तिथून परत आणता येईल, या भरवशावर राहू नका. फोटो पुन्हा काढता येतात, पण तो कार्यक्रम पुन्हा होत नाही ना!

आणखी एक गोष्ट. त्याच नावाची फाईल तिकडे आधीच असेल तर प्रोग्रॅम विचारतो. घाईने 'सगळ्यांवर लिहा' म्हणू नका. दोन्हींची तारीख आणि आकार पाहून ठरवा.

स्वाध्याय

'सराव १' आणि 'सराव २' असे दोन फोल्डर तयार करा. पहिल्यात बिनकामाच्या पाच फाईली ठेवा. माऊस बाजूला ठेवून त्यातल्या तीन कॉपी करा, एक हलवा, एक डिलीट करा. प्रत्येक कळ दाबण्याआधी 'इकडून कुठे?' हे मोठ्याने म्हणा. शेवटी 'सराव १' मध्ये तीन आणि 'सराव २' मध्ये चार फाईली दिसल्या, तर तुमचा पाठ पक्का झाला!