निखिलला पत्र : पेपर, सायटेशन आणि वॉर्डातला प्रश्न

पुणे,
२० जुलै

चि. निखिल यास,


तुझी मेल परवा वाचली. बढतीची फाइल पेपरांवाचून अडलीय, तुझ्याच बॅचच्या एकाच्या नावावर भराभर पब्लिकेशन्स जमतायत, गूगल स्कॉलरवर तुझा एच-इंडेक्स २ दिसतो, आणि विभागातले एक वरिष्ठ म्हणतायत की आमच्या पेपरात तुझं नाव घालतो, तुझ्या पुढच्या पेपरात आमचं घाल. काय करू, असं विचारलंस. मी आयुष्यभर मेडिकल कॉलेजात पीएसएम, म्हणजे रोगप्रतिबंधक आणि सामाजिक वैद्यकशास्त्र, शिकवलं, प्रबंध तपासले, जर्नलांसाठी पेपरही तपासून दिले. म्हणून फोनवर न बोलता नीट लिहिते आहे.

आधी त्या नावांच्या देवाणघेवाणीचं, कारण त्याचं उत्तर तुला याच आठवड्यात द्यायचंय. नाही म्हण. लेखक कोणाला म्हणायचं याचे नियम वैद्यकीय जर्नलांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीने स्पष्ट लिहून ठेवलेत: कामाच्या आखणीत, माहिती जमवण्यात किंवा तिचा अर्थ लावण्यात खरा वाटा हवा, मसुदा लिहिण्यात किंवा सुधारण्यात हात हवा, शेवटच्या प्रतीला संमती हवी आणि संपूर्ण कामाची जबाबदारी घ्यायची तयारी हवी. चारही अटी एकत्र. ज्या रुग्णांचा एकही केसपेपर तू उघडला नाहीस, त्यांच्याबद्दल उद्या कोणी प्रश्न विचारला तर काय सांगशील? २०२० सालचं सर्जिस्फिअर प्रकरण आठव. हायड्रॉक्सिक्लोरोक्विनवरचा तो पेपर २२ मे रोजी ‘लॅन्सेट’मध्ये आला. ६७१ रुग्णालयं आणि ९६ हजार रुग्ण, असा त्याचा दावा. चार लेखक, त्यात नामांकित संस्थांमधले प्राध्यापक. मूळ डेटा मात्र एकाच लेखकाच्या सर्जिस्फिअर या कंपनीकडे. बाकीच्यांनी तो तपासायला मागितला तेव्हा मिळाला नाही आणि ४ जूनला पेपर मागे घ्यावा लागला. पेपरावरची सही म्हणजे साक्ष असते, बाळा, आणि न पाहिलेल्या गोष्टीची साक्ष देऊ नये. वरिष्ठांशी वाकडं येऊ नये ही तुझी काळजी मला कळते. त्यांना एवढंच सांग, ‘सर, या कामात माझा हात नाही. पुढच्या कामात मला पहिल्या दिवसापासून घ्या, माहिती मी गोळा करतो.’ यात अपमान कोणाचाच नाही.

आता तुझ्या त्या २ या आकड्याविषयी. हॉर्हे हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने २००५ मध्ये हे माप सुचवलं. २ म्हणजे तुझ्या किमान दोन पेपरांना प्रत्येकी किमान दोनदा कोणीतरी संदर्भासाठी घेतलंय. हा आकडा कधीच उतरत नाही, वयाबरोबर चढतच जातो. हृदयविकारावर लिहिणाऱ्यांची गर्दी मोठी, म्हणून त्यांचे आकडे मोठे. शरीररचनाशास्त्रातल्या चांगल्या माणसाचा आकडा त्यांच्यापुढे लहानच दिसणार. एकाच माणसाचा एच-इंडेक्स गूगल स्कॉलरवर वेगळा, स्कोपसवर वेगळा. एमडी होऊन तुला किती दिवस झालेत? या वयात तो आकडा लहानच असतो. त्यावरून रात्री झोप उडवून घेण्याचं काहीच कारण नाही.

सायटेशन मोजायची कल्पना मुळात आली कुठून, हे तुला ठाऊक असावं असं मला वाटतं. यूजीन गारफिल्ड यांनी १९५५ मध्ये ‘सायन्स’मध्ये ती मांडली. नमुना घेतला वकिलांकडून. अमेरिकेत ‘शेपर्ड्स सायटेशन्स’ नावाची सूची असते. जुना निवाडा पुढे कुठल्या कोर्टाने उचलून धरला, कुठल्या कोर्टाने फिरवला, हे वकील त्यात पाहतात. जुन्या पेपरावर नंतर कोणी टीका केली, कोणी दुरुस्ती सुचवली, हे अभ्यासकाला कळावं, ही गारफिल्ड यांची तळमळ होती. माणसांना गुण देण्याची प्रथा मागाहून पडली. म्हणूनच आकडा आंधळा असतो. गोवर-गालगुंड-रुबेलाच्या एमएमआर लसीचा आणि ऑटिझमचा संबंध सूचित करणारा वेकफिल्ड यांचा १९९८ चा पेपर बारा मुलांवरचा होता आणि ‘लॅन्सेट’ने २०१० मध्ये तो मागे घेतला. त्याची सायटेशन्स उदंड आहेत. त्यातली कितीतरी त्याला खोडून काढणारी, पण बेरजेत सगळी सारखीच.

उलट बाजूही बघ. कलकत्त्याच्या शंभुनाथ डे यांनी सशाच्या आतड्याचा एक तुकडा दोन्ही टोकांना बांधून घेतला आणि त्यात कॉलऱ्याच्या जंतूंचं गाळलेलं द्रव टोचलं. त्यात जंतू एकही नव्हता. तरी तुकडा पाण्याने टम्म फुगला. कॉलऱ्यात माणूस कोरडा पडून मरतो तो जंतूने सोडलेल्या विषामुळे, हे यातून सिद्ध झालं. जंतू विष सोडत असावा, असा कॉख यांचा १८८४ पासूनचा कयास होता. पुरावा डे यांनी दिला. १९५९ मध्ये ‘नेचर’ने पेपर छापला, आणि पुढे कितीतरी वर्षं त्याची फारशी दखल कोणी घेतली नाही. डे १९७३ मध्ये निवृत्त झाले, १९८५ मध्ये गेले. १९८६ मध्ये त्यांच्या कामाचा गौरव करणारा सविस्तर लेख लिहिला तो सायटेशन मोजायला शिकवणाऱ्या गारफिल्ड यांनीच. डे यांची फाइल साठच्या दशकात एखाद्या निवड समितीपुढे नुसत्या आकड्यांवर गेली असती, तर काय झालं असतं याचा विचार कर.

आणखी एक गंमत आहे. तुमच्या रक्तपेढीतला तंत्रज्ञ ‘बॉम्बे ग्रुप’ म्हणतो, तेव्हा तो मुंबईच्या डॉ. य. म. भेंडे आणि सहकाऱ्यांच्या १९५२ मधल्या ‘लॅन्सेट’मधल्या छोट्याशा टिपणाचं कामच पुढे नेत असतो. संदर्भ मात्र कोणी देत नाही. काही ज्ञान इतकं अंगवळणी पडतं की त्याचा धनी विस्मरणात जातो. त्याहून मोठा प्रभाव कुठला असणार?

पण तू सर्वांत आधी अभ्यासावंस असं मला वाटतं ते महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांचं काम. कोकणात लाल विंचू चावला की धडधाकट शेतकरी, लहान मुलं दगावायची. उलट्या, दरदरून घाम, थंडगार हातपाय, मग छातीत पाणी भरून दम लागायचा. ठरलेला इलाज नव्हता. प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करणाऱ्या या डॉक्टरांनी रुग्णाच्या खाटेशी बसून लक्षणांचा क्रम टिपला आणि कोणाच्या हृदयाला धोका होणार हे आधीच ओळखायच्या खुणा १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये मांडल्या. विषामुळे शरीरात उठणारं वादळ रक्तवाहिन्या आवळतं, मग त्या सैल करणारी रक्तदाबाची गोळी, प्राझोसिन, का चालू नये? तो अनुभव १९८६ मध्ये पुन्हा ‘लॅन्सेट’मध्ये आला. स्वस्तातली गोळी, कुठल्याही आरोग्य केंद्रात ठेवता येईल अशी. मला सर्वांत भावतं ते पुढचं. २०११ मध्ये त्यांनी आणि डॉ. प्रमोदिनी बावस्करांनी ‘बीएमजे’मध्ये ७० रुग्णांची चाचणी प्रसिद्ध केली: निम्म्यांना नुसतं प्राझोसिन, निम्म्यांना प्राझोसिन आणि विंचवाच्या विषावरचं प्रतिविष. दहा तासांत पूर्ण बरे झाले ते नुसत्या प्राझोसिनच्या गटात ३५ पैकी ८, दोन्ही दिलेल्या गटात ३५ पैकी ३२. ज्या गोळीने त्यांना नाव मिळालं, तिची मर्यादा त्यांनी स्वतःच आकड्यांनिशी जगापुढे ठेवली. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. एवढं सगळं महाडमध्ये बसून झालं, समोर येणाऱ्या रुग्णांकडे पाहून पडलेल्या एका प्रश्नातून.

आणि तुझ्यापुढेही तसा प्रश्न आहे. त्याच मेलमध्ये अगदी जाता जाता लिहिलंयस की तापाच्या रुग्णाला पडद्याआड नेऊन, काख, जांघ, कमरेची वळी, स्तनाखालची त्वचा टॉर्च घेऊन तपासायला लागल्यापासून तुला स्क्रब टायफसची ती काळी खपली सापडते आहे; दुखत नाही म्हणून रुग्ण सांगत नाही, आणि सावळ्या कातडीवर ती सहज नजरेतून सुटते. ती दिसली की रिपोर्टची वाट न पाहता डॉक्सिसायक्लिन सुरू करता येतं. मग अंगभर तपासणी केली तर किती रुग्णांत खपली दिसते? घाईत तपासलं तर किती सुटतात? औषध किती लवकर मिळतं? हे तुमच्या विदर्भातल्या प्रत्येक तालुका रुग्णालयाला हवं आहे. भराभर पब्लिकेशन्स जमवणाऱ्या त्या तुझ्या बॅचमेटकडे असा प्रश्न आहे का, मला माहीत नाही. तुझ्याकडे आहे.

कामाला लाग, पण शिस्तीत. आधी एथिक्स कमिटीची मंजुरी, नंतर पहिला रुग्ण. मंजुरीआधीचे रुग्ण मागून घुसडू नकोस. खपली न सापडलेल्यांची नोंदही तितक्याच काळजीने ठेव, नाहीतर शेकडा प्रमाण काढणार कशावर? बायोस्टॅटच्या मॅडमना सुरुवातीलाच भेट. नमुना किती हवा हे शेवटी विचारून उपयोग नसतो. काम करणाऱ्या निवासी डॉक्टरांची नावं आणि क्रम आत्ताच ठरवून कागदावर घे. संदर्भ देशील तो पेपर आधी पूर्ण वाच, गोषवाऱ्यावर भागवू नकोस.

जर्नल निवडताना सावध राहा. पैसे भरा, तीन दिवसांत स्वीकारतो, अशा मेल तुला रोज येत असतील. ‘इंडेक्स्ड’ असं त्यांच्याच संकेतस्थळावर लिहिलेलं खरं धरू नकोस, त्या त्या सूचीत स्वतः शोध. डॉ. समीरन नंदी आणि सहकाऱ्यांनी २००५ ते २०१४ या दहा वर्षांचा हिशेब मांडला होता. देशातल्या ५७९ वैद्यकीय संस्थांपैकी ३३२ संस्थांतून एकही पेपर आलेला नव्हता. अशा ठिकाणी बढतीसाठी पेपरांची सक्ती झाली, वेळ आणि प्रशिक्षण मात्र मिळालं नाही, तेव्हा या दुकानांना गिऱ्हाईक मिळालं. मला याचं फार वाईट वाटतं, कारण फसणारी मुलं बहुतेक तुझ्यासारखी धडपडणारी असतात.

बढतीला कदाचित वर्षभर उशीर होईल. होऊ दे. तुझ्या आईला मी समजावेन.

स्क्रब टायफसचे रुग्ण ऑगस्टपासून वाढतील, म्हणजे वेळ थोडा आहे. नोंदीचा फॉर्म एकाच पानाचा कर, रात्रपाळीच्या मुलांना भरता आला पाहिजे. शरीराचं पुढून-मागून चित्र छापून खपली कुठे दिसली ते त्यावर खुणेने दाखवायला सांग. कच्चा मसुदा रविवारपर्यंत मला पाठव, मी लाल पेन घेऊन बसते.

तुझी,
मावशी