शिल्लक दोषांचे अर्थशास्त्र : मुक्त स्रोत सॉफ्टवेअर प्रकाशनाच्या उंबरठ्यावर

भिलाई पोलाद प्रकल्पात तयार झालेला रेल्वेचा रूळ कारखान्याबाहेर पडण्यापूर्वी श्राव्यातीत ध्वनिलहरींच्या साहाय्याने तपासला जातो. पोलादाच्या पोटात एखादा तडा किंवा पोकळी राहून गेली आहे काय, हे या तपासणीतून कळते. 1955 मध्ये सोव्हिएत संघाशी झालेल्या करारातून उभा राहिलेला हा प्रकल्प आणि सेक्टर 1, सेक्टर 2 अशा क्रमांकांनी ओळखली जाणारी त्याची नगरवसाहत यांची माहिती नियोजनकाळातील औद्योगिकीकरणाचे उदाहरण म्हणून विद्यार्थ्यांना असतेच. येथे त्यांचा उल्लेख एका वेगळ्या प्रश्नासाठी केला आहे. सदोष रूळ लोहमार्गावर बसल्यानंतर त्याची किंमत प्रवाशांना जिवानिशी मोजावी लागू शकते. म्हणून प्रमाणके आधी ठरतात, मुख्य खरेदीदार भारतीय रेल्वे असल्याने तिच्या वतीने तपासणी होते आणि नापास झालेला माल बाजूला काढला जातो. कोणता दोष खपेल आणि कोणता खपणार नाही हे ठरवण्याचा अधिकार कोणाचा, याविषयी तेथे संदिग्धता नसते.

मुक्त स्रोत सॉफ्टवेअरच्या बाबतीत नेमका हाच अधिकार संदिग्ध असतो. ज्या सॉफ्टवेअरची मूळ आज्ञावली कोणालाही वाचता, बदलता व पुन्हा वितरित करता येते, त्यास मुक्त स्रोत सॉफ्टवेअर म्हणतात. त्याला असंख्य वापरकर्ते असतात, पण रेल्वेसारखा खरेदीदार नसतो. जीएनयू सार्वजनिक परवान्यासारख्या प्रमुख परवान्यांमध्ये सॉफ्टवेअरच्या गुणवत्तेची कोणतीही हमी दिली जात नाही, असे स्पष्ट नमूद केलेले असते. मग नवी आवृत्ती प्रकाशित करण्यापूर्वी शिल्लक राहिलेल्या दोषांपैकी कोणते दूर करायचे आणि कोणते तसेच ठेवायचे, याचा निर्णय कोण, कशाच्या आधारे घेतो? हा प्रश्न तांत्रिक वाटला तरी दुर्मीळ साधनांच्या वाटपाचा, म्हणजे अर्थशास्त्राचाच आहे.

शून्य दोष का शक्य नाही

लाखो ओळींची आज्ञावली पूर्णपणे निर्दोष करण्याचे ध्येय कागदावर चांगले दिसते. प्रत्यक्षात दोषनिवारणाचा सीमांत खर्च वाढत जातो. सहज दिसणारे दोष प्रथम दूर होतात. उरतात ते क्वचितच प्रकट होणारे, विशिष्ट यंत्रावर किंवा विशिष्ट भाषेतच दिसणारे आणि पुन्हा घडवून दाखवण्यास कठीण असलेले दोष. शिवाय प्रत्येक दुरुस्तीबरोबर नवा दोष शिरण्याचा धोका असतो. दुसरीकडे, प्रकाशन लांबवण्याचाही खर्च असतो, कारण तोपर्यंत वापरकर्ते जुन्या आवृत्तीतील जुने दोष सोसत राहतात. आणखी एका दोषाच्या निवारणाचा खर्च आणि त्यापासून मिळणारा लाभ जेथे समान होतात, तेथे थांबणे इष्ट, असे पाठ्यपुस्तक सांगते. अडचण अशी की हा खर्च व लाभ एकाच व्यक्तीच्या वाट्याला येत नाहीत.

दोषांची एकूण किंमत किती मोठी असते याचा एक अंदाज उपलब्ध आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय प्रमाणके व तंत्रज्ञान संस्थेसाठी 2002 मध्ये झालेल्या अभ्यासानुसार सॉफ्टवेअरमधील दोषांमुळे त्या देशाच्या अर्थव्यवस्थेला दरवर्षी सुमारे 59.5 अब्ज डॉलरचा भुर्दंड पडत होता. चाचणीची व्यवस्था सुधारल्यास त्यापैकी 22.2 अब्ज डॉलर वाचू शकले असते, असेही त्यात म्हटले होते. म्हणजे सुधारित चाचणीनंतरही निम्म्याहून अधिक नुकसान शिल्लक राहणारच होते, हे लक्षणीय आहे.

डेबियनचा अनुभव

या विषयाचा अभ्यास करण्यासाठी डेबियन या मुक्त संगणक प्रणालीइतके उपयुक्त उदाहरण क्वचितच सापडेल. इयन मर्डॉक यांनी 1993 मध्ये सुरू केलेला हा प्रकल्प जगभरातील स्वयंसेवक चालवतात. दोष वापरकर्त्यांपासून लपवले जाणार नाहीत, असे त्याच्या 1997 च्या सामाजिक करारात नमूद आहे. त्यामुळे प्रत्येक दोषाची नोंद, त्यावरील चर्चा आणि निकाल सर्वांना पाहता येतो.

डेबियनमध्ये प्रत्येक दोषाला तीव्रतेनुसार दर्जा दिला जातो. ज्यामुळे संपूर्ण प्रणाली कोलमडते, वापरकर्त्याची माहिती नष्ट होते, सुरक्षेला भगदाड पडते, एखादे पॅकेज निरुपयोगी ठरते किंवा प्रकल्पाच्या नियमावलीचा गंभीर भंग होतो, ते दोष सर्वांत वरच्या तीन दर्जांत मोडतात. यांना 'प्रकाशन रोखणारे दोष' म्हणतात. त्याखाली महत्त्वाचे, सामान्य व किरकोळ असे दर्जे असून शेवटी केवळ सुचवणी स्वरूपाच्या नोंदी येतात. खालच्या दर्जांतील हजारो दोषांसह नवी आवृत्ती प्रकाशित होऊ शकते आणि होतेही. वरच्या तीन दर्जांतील दोष मात्र दूर करावे लागतात, अथवा सदोष पॅकेज आवृत्तीतून वगळावे लागते, अथवा प्रकाशन व्यवस्थापकांनी तो दोष त्या आवृत्तीपुरता दुर्लक्षित करण्याचा उघड निर्णय घ्यावा लागतो. चौथा मार्ग नाही.

प्रकाशनापूर्वी 'गोठवणूक' जाहीर होते. त्यानंतर नवी वैशिष्ट्ये स्वीकारली जात नाहीत, केवळ दुरुस्त्या घेतल्या जातात. गोठवणूक किती काळ चालते हे शिल्लक दोषांच्या ओझ्याचे चांगले मापक ठरते. 'वूडी' ही आवृत्ती जुलै 2002 मध्ये आली आणि तिच्यानंतरची 'सार्ज' येण्यास जून 2005 उजाडले. 'व्हीझी' आवृत्ती 30 जून 2012 रोजी गोठवली गेली व 4 मे 2013 रोजी प्रकाशित झाली. म्हणजे सुमारे दहा महिने हजारो स्वयंसेवकांचे नवे काम दाराबाहेर थांबून राहिले. 2013 मध्येच डेबियनने एक नियम अमलात आणला. मध्यवर्ती महत्त्वाचे नसलेले पॅकेज प्रकाशन रोखणाऱ्या दोषासह पडून राहिले, तर पूर्वसूचना देऊन ते आगामी आवृत्तीतून आपोआप वगळले जाऊ लागले. पुढची 'जेसी' आवृत्ती 5 नोव्हेंबर 2014 रोजी गोठवून 25 एप्रिल 2015 रोजी, सहा महिन्यांच्या आत प्रकाशित झाली.

या घटीचे सर्व श्रेय एकाच नियमाला देणे योग्य होणार नाही. तथापि त्यामागील प्रेरणांचा बदल अभ्यासण्यासारखा आहे. पूर्वी दोष तसाच ठेवण्याची किंमत सर्वांना मोजावी लागे आणि पॅकेजच्या पालकाला वैयक्तिकरीत्या काहीच मोजावे लागत नसे. अर्थशास्त्रात यालाच नकारात्मक बाह्यता म्हणतात. नव्या नियमाने ती किंमत पालकाकडे वळवली: दुरुस्ती करा, नाहीतर पॅकेज वगळले जाईल. त्याच्या जोडीला आणखी एक जुनी तरतूद आहे. पालक निष्क्रिय राहिल्यास, ठरावीक मुदत देऊन, अन्य विकासक त्याच्या पॅकेजमधील गंभीर दोष स्वतः दुरुस्त करू शकतो. डेबियनमध्ये पालकत्वाचा हक्क प्रबळ मानला जातो, पण दोष जितका गंभीर तितका तो हक्क सैल होतो.

'दर्या' आणि 'दऱ्या'

दोषाचा दर्जा वस्तुनिष्ठपणे ठरतो, असे वरील वर्णनावरून वाटण्याची शक्यता आहे. मराठीतील एक अक्षर या समजाला धक्का देते. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरांमधील खोल भाग. आचार्यांना दिलेला मान आणि आचाऱ्यांना दिलेले वेतन यांत फरक करायचा असेल, तर रफार आणि अर्धा 'ऱ' वेगवेगळे दिसलेच पाहिजेत. हिंदीला हा भेद लागत नाही. त्यामुळे देवनागरीसाठी लिहिलेली आज्ञावली हिंदीत चोख चालली, तरी मराठीत अर्थाचा अनर्थ करू शकते.

युनिकोडमध्ये हे अक्षर दोन प्रकारे साठवता येते: 'ऱ' व हलन्त यांच्या जोडीने, किंवा 'र', हलन्त आणि शून्य रुंदीचा जोडक यांच्या साखळीने. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, परंतु शोध घेताना संगणक त्यांना भिन्न शब्द समजू शकतो. 2000 च्या दशकात तर विविध मुक्त सॉफ्टवेअरमध्ये अक्षरजुळणीची इंजिने वेगवेगळी होती. एकच मजकूर एका कार्यक्रमात बरोबर आणि दुसऱ्यात चुकीचा दिसे आणि एकच दोष अनेक ठिकाणी स्वतंत्रपणे नोंदवावा लागे. पुढे हार्फबझ या सामायिक इंजिनाचा स्वीकार वाढला. लिबरऑफिसने 2017 च्या 5.3 आवृत्तीपासून सर्व मंचांवर त्याचा अवलंब केला. एका ठिकाणची दुरुस्ती सर्वांना मिळू लागली, ही सार्वजनिक वस्तूची खरी ताकद होय. फाँटच्या बाबतीतही असेच घडले. रेड हॅटने 2004 मध्ये खुल्या परवान्याखाली आणलेल्या 'लोहित' फाँटांमुळे भारतीय लिप्यांतील दोष कोणालाही दुरुस्त करता येऊ लागले.

मराठी न वाचणाऱ्या विकासकाच्या दृष्टीने मात्र अर्धा 'ऱ' चुकणे हा 'किरकोळ' दोष ठरतो. त्याच्या लेखी प्रणाली कोलमडलेली नाही आणि माहितीही नष्ट झालेली नाही. मराठी पाठ्यपुस्तक किंवा सात-बाराचा उतारा छापणाऱ्यासाठी तोच दोष प्रकाशन रोखणारा असतो. दोषाचा दर्जा ठरवताना त्या दालनात कोण हजर आहे, यावर शिल्लक दोष कोणाच्या वाट्याला येणार हे बऱ्याच अंशी अवलंबून असते. नोंद न करणाऱ्यांचे दोष अस्तित्वातच नसल्यासारखे होतात.

छत्तीसगढी भाषेबाबत असाच अनुभव येतो. राजनांदगावचे रविशंकर श्रीवास्तव यांनी 2000 च्या दशकाच्या उत्तरार्धात केडीई या मुक्त कार्यमंचाचे छत्तीसगढी भाषांतर केले. भाषांतरकारांना वेळ मिळावा म्हणून केडीईमध्ये प्रकाशनापूर्वी पडद्यावरील वाक्येही गोठवली जातात. ही मुदत पाळली गेली नाही, तर मोठ्या चमूच्या भाषा धावपळ करून वेळ गाठतात. मोजक्याच भाषांतरकारांवर उभी असलेली भाषा मात्र मागे पडते.

सर्वांचे ते कोणाचेच नाही

आज्ञावली उघडी असल्याने पुरेसे डोळे तिच्यावर पडतात व दोष उथळ होतात, असा एक लोकप्रिय सिद्धान्त आहे. तो अर्धसत्य आहे. ओपनएसएसएल या सुरक्षा ग्रंथालयात मार्च 2012 च्या आवृत्तीसह शिरलेला 'हार्टब्लीड' दोष 7 एप्रिल 2014 रोजी उघडकीस आला. जगातील असंख्य संकेतस्थळे ज्यावर विसंबून होती, त्या प्रकल्पाला तोपर्यंत वर्षाला जेमतेम 2,000 डॉलरच्या आसपास देणग्या मिळत होत्या. डोळे पुष्कळ होते, पण पाहण्याचे काम कोणाचेच नव्हते. वापरापासून कोणाला वगळता येत नसल्यामुळे प्रत्येकजण दुसरा खर्च करील अशी वाट पाहतो. फुकट्यांची समस्या ती हीच. या घटनेनंतर मोठ्या कंपन्यांनी लिनक्स फाउंडेशनच्या माध्यमातून अशा पायाभूत प्रकल्पांसाठी सामायिक निधी उभारला.

भारतात या सार्वजनिक वस्तूचा एक मोठा उपभोक्ता शासन आहे. सी-डॅकने डेबियनवर आधारित 'बॉस' ही प्रणाली 2007 मध्ये सादर केली आणि 2015 मध्ये केंद्र सरकारने शासकीय कामकाजात मुक्त स्रोत सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचे धोरण जाहीर केले. अशा आधारित प्रणालीपुढे नेहमी दोन पर्याय असतात. सापडलेला दोष आपल्याच प्रतीत दुरुस्त करायचा, किंवा दुरुस्ती मूळ प्रकल्पाकडे पाठवायची. पहिला मार्ग आज स्वस्त वाटतो. परंतु मूळ प्रकल्पाच्या प्रत्येक नव्या आवृत्तीबरोबर ती दुरुस्ती पुन्हा बसवावी लागते व आवर्ती खर्च मागे लागतो. दुसऱ्या मार्गात पत्रव्यवहार, चर्चा आणि प्रतीक्षा आहे, मात्र हा खर्च एकदाच करावा लागतो. केरळमध्ये शालेय शिक्षणात जीएनयू-लिनक्सचा व्यापक वापर झाला. तेथे 'स्वतंत्र मलयाळम कंप्युटिंग' या स्वयंसेवी समूहाने मलयाळम लिपीतील दोष मूळ प्रकल्पांपर्यंत नेण्याचे काम केले. शासनाची मागणी आणि भाषकांचा पुरवठा एकत्र आल्याचे ते उदाहरण आहे.

मराठी 2009 च्या 'लेनी' आवृत्तीपासून डेबियनच्या स्थापना-कार्यक्रमात उपलब्ध झाली. ती टिकवायची तर दर आवृत्तीच्या गोठवणुकीपूर्वी कोणीतरी ती चालवून पाहणे आणि चुका नोंदवणे आवश्यक असते. उपयुक्त नोंदीत आवृत्तीचा क्रमांक, दोष पुन्हा घडवण्याच्या पायऱ्या, काय दिसायला हवे होते आणि प्रत्यक्षात काय दिसले, एवढे पुरते. त्यासाठी आज्ञावली लिहिता येण्याची गरज नाही. भिलाईतील अथवा भंडाऱ्यातील विद्यार्थ्यालाही ते शक्य आहे. फक्त डेबियनची दोषनोंदवही इंग्रजीतून चालते, त्यामुळे 'दर्या' आणि 'दऱ्या' यांतील फरक तेथे इंग्रजीत समजावून सांगावा लागतो.