मुंबईत कुटुंबासह उतरायचं कुठे?

प्रश्न : दिवाळीच्या सुट्टीत आम्ही पाच जण मुंबई बघायला येतोय. मी, बायको, आठ आणि तेरा वर्षांच्या दोन मुली आणि माझी आई. मुंबईत जवळचं कुणी नाही. कुणी म्हणतं कुलाब्यात उतरा, कुणी म्हणतं सीएसएमटीजवळ लॉज स्वस्त पडेल. कुटुंबासाठी सुरक्षित भाग कोणता आणि तो घरबसल्या ओळखायचा कसा? (एक वाचक, जळगाव)

उत्तर : तुमच्यासाठी दादर पूर्व. हिंदू कॉलनी, पारशी कॉलनी आणि तिथून माटुंग्यापर्यंतचा पट्टा.

राहायची जागा आपण सकाळच्या हिशेबाने निवडतो. गेटवे किती लांब, राणीची बाग किती लांब, एवढंच पाहतो. खरा कस लागतो तो रात्री नऊ-साडेनऊला, परतताना. धाकटी पेंगुळलेली असते, आईचे गुडघे दुखत असतात, मोबाइलचं चार्जिंग संपत आलेलं असतं. त्या वेळी स्टेशनपासून खोलीपर्यंतचा रस्ता कसा असेल, यावर जागा ठरवा. दुकानं उघडी आहेत का? म्हातारी माणसं जेवून शतपावलीला बाहेर पडलीत का? क्लासहून सुटलेल्या मुली बिनधास्त घरी चालल्यात का? जेन जेकब्ज या अमेरिकी अभ्यासक लेखिकेने १९६१ साली आपल्या पुस्तकात हेच आग्रहाने मांडलं होतं : रस्ता सुरक्षित राहतो तो मुख्यतः तिथे वावरणाऱ्या आणि खिडकी-दुकानातून सहज लक्ष ठेवणाऱ्या माणसांमुळे. मुंबईत फिरताना मला याची प्रचिती रोज येते.

दादर पूर्वेची ही घडण आपोआप झालेली नाही. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि दाटीवाटीच्या वस्त्यांत त्याने कहर केला. त्यानंतर १८९८ मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. पुढे याच ट्रस्टने दादर-माटुंगा भाग आखून वसवला. रुंद रस्ते, दुतर्फा झाडं, बेताच्या उंचीच्या इमारती आणि मधे बागा. फाइव्ह गार्डन्स त्यातलीच. संध्याकाळी तिथे लहान मुलांची झुंबड असते आणि बाकांवर त्यांचे आजी-आजोबा. रुईया आणि पोदार कॉलेजांमुळे पोरापोरींची वर्दळ असते. माटुंग्यात इडली-डोशाची जुनी उडुपी हॉटेलं आहेत, त्यामुळे आईच्या जेवणाचीही चिंता नको. मध्य रेल्वेचं माटुंगा स्टेशन २०१७ पासून पूर्णपणे महिला कर्मचारी चालवतात. मुलींना ते आवर्जून दाखवा.

दादरला मध्य आणि पश्चिम दोन्ही रेल्वे मिळतात. जळगावहून येणाऱ्या बऱ्याच गाड्या तिथे थांबतात, म्हणजे सामान घेऊन सीएसएमटीपर्यंत जायलाच नको. ऑक्टोबर २०२५ पासून भुयारी मेट्रो थेट कफ परेडपर्यंत धावते. तिचं दादर स्थानक पश्चिमेला आहे. नेहरू सायन्स सेंटर, हुतात्मा चौक, चर्चगेट ही ठिकाणं या एकाच मार्गावर येतात आणि लोकलची रेटारेटी टळते.

मुंबईत पूर्व की पश्चिम हे मात्र नीट विचारून घ्या. खोली एका बाजूला आणि तुम्ही उतरलात दुसऱ्या बाजूला, तर बॅगा आणि आईसह पूल चढणं आलं. दादर पश्चिम वाईट नाही, शिवाजी पार्कची बाजू तर उत्तमच. पण स्टेशनालगतचा फुलांचा बाजार भल्या पहाटे जागा होतो, त्याला खेटून खोली घेऊ नका.

सीएसएमटीजवळच्या फोर्टात दिवसा पाय ठेवायला जागा नसते. ऑफिसं सुटली की आतल्या गल्ल्या ओस पडतात, रविवारी तर दिवसभर. लॉज स्वस्त मिळालं तरी मुलींना घेऊन त्या सामसूम गल्लीतून परतणं मला नको वाटतं. कुलाबा कॉजवे उशिरापर्यंत जागा असतो, पण तिथले दर चढे. ठाण्यात नौपाडा घरगुती आहे, मात्र फास्ट लोकलनेही सीएसएमटी तासाच्या घरात.

‘त्या वस्तीत पाऊल टाकू नका’ असंही कुणी तुम्हाला सांगेल. हे सांगणाऱ्याचा रोख पुष्कळदा तिथल्या लोकांच्या धर्माकडे किंवा गरिबीकडे असतो, आणि ते मला मुळीच मान्य नाही. रमजानमध्ये मोहम्मद अली रोडवर मध्यरात्रीनंतरही बायका-मुलं मालपुवा खात फिरत असतात. वस्तीची बदनामी ऐकून नव्हे, रात्रीचा रस्ता पाहून ठरवा.

आता घरबसल्या करायचं ते. लॉजला फोन करून इमारतीचं नाव, लिफ्ट, कमोड आणि रात्री अकरानंतर काउंटरवर माणूस असतो का, हे विचारा. उत्तर देताना टाळाटाळ झाली तर ती जागा सोडा. कुणाच्या खासगी खात्यावर आगाऊ पैसे पाठवू नका. नकाशात त्याच गल्लीतलं औषधाचं दुकान शोधा, फोन लावा आणि दुकान किती वाजेपर्यंत उघडं असतं ते विचारा. दुकानदार साडेदहा-अकरा म्हणाला, तर गल्ली जागी आहे. सगळ्या मोठ्यांची मूळ ओळखपत्रं सोबत ठेवा. ११२ हा आपत्कालीन क्रमांक थोरलीला पाठ करून द्या, लॉजच्या पत्त्याची चिठ्ठी दोघींच्या खिशात असू द्या.

घारापुरी सोमवारी बंद, राणीची बाग बुधवारी. बहुतेक रविवारी लोकलचा मेगाब्लॉक असतो. तो दिवस माटुंगा आणि फाइव्ह गार्डन्स पायी फिरायला ठेवा.