तेवढेच घर, मग मिळकतकर तिप्पट का?

प्रश्न : आम्ही तीन वर्षांपूर्वी वारज्याला नव्या सोसायटीत फ्लॅट घेतला. सासऱ्यांचा फ्लॅट कोथरूडला, १९८८ सालच्या इमारतीत आहे. दोन्ही घरे जवळपास सारख्याच आकाराची, बाजारभाव तर कोथरूडचाच जास्त. तरी आमचे मिळकतकराचे बिल त्यांच्या तिपटीहून जास्त येते. कोणालाही विचारले तरी ‘नव्या इमारतींना असेच असते’ एवढेच सांगतात. हा कुठला हिशेब? — एक वाचक, वारजे, पुणे

उत्तर : तुमच्या बिलात बेरीज चुकली असेलच असे नाही. बिल नियमाप्रमाणे बरोबर असूनही अन्यायाचे असू शकते, आणि पुण्यातल्या नव्या घरांच्या बाबतीत ते तसे आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. कारण कळायला हवे असेल तर बिलाच्या तळाची एकूण रक्कम क्षणभर बाजूला ठेवा आणि ‘वार्षिक करपात्र रक्कम’ ही ओळ शोधा. सगळी गोम तिथे आहे.

पुण्यात मिळकतकर घराच्या किमतीवर लागत नाही. ते घर भाड्याने दिले असते तर वर्षाला वाजवी भाडे किती आले असते, या अंदाजावर लागतो. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम १९४९ चा, आणि त्याच्या अनुसूची ‘ड’ मधल्या कराधान नियमांत ही रीत सांगितली आहे : वाजवी वार्षिक भाडे धरायचे, त्यातून दुरुस्तीपोटी १० टक्के वजा करायचे, उरेल ते करयोग्य मूल्य, म्हणजेच बिलातली ‘वार्षिक करपात्र रक्कम’. तुमच्या घरात भाडेकरू नसला तरी कर ठरवताना एक काल्पनिक भाडेकरू धरलेलाच असतो.

हे भाडे घरोघरी जाऊन कोणी ठरवत नाही. परिसर, बांधकामाचा प्रकार आणि वापर पाहून महापालिका चौरस फुटाला महिना अमुक असा दर ठरवते. इमारत पुरी झाली, पहिली आकारणी झाली, की त्या वेळचा दर घराला लागतो आणि पुढे तोच राहतो. सासऱ्यांच्या घराला १९८८ च्या सुमाराचा दर आहे, तुमच्या घराला अलीकडचा. मधल्या काळात भाडी कितीतरी पटींनी वाढली. जुन्या घरांच्या नोंदीतला दर मात्र त्या मानाने हललाच नाही.

आकड्यांत पाहू. हे दर केवळ उदाहरणापुरते आहेत, तुमच्या भागाचे नव्हेत. घर ७०० चौरस फुटांचे आणि दर महिना चौरस फुटाला २ रुपये धरला, तर वर्षाचे भाडे १६,८०० रुपये होते. मालक स्वतः राहत असल्याची ४० टक्के सवलत मिळाली की उरतात १०,०८०. त्यातून दुरुस्तीचे १० टक्के गेले की करपात्र रक्कम ९,०७२ रुपये. तेवढेच घर, पण दर ६० पैसे असेल, तर याच रीतीने करपात्र रक्कम २,७२२ रुपये येते. या रकमेवर सर्वसाधारण कर, सफाईचा कर, वृक्ष कर असे कर टक्क्यांनी लागतात. शिवाय राज्य सरकारचा शिक्षण उपकर असतो. तो महापालिका फक्त गोळा करून देते. यांतल्या काही करांचा दर रकमेच्या टप्प्याप्रमाणे चढत जातो. म्हणून करपात्र रक्कम तिप्पट असली की बिल तिपटीच्याही पुढे जाऊ शकते.

पेठांतल्या जुन्या वाड्यांचे कारण थोडे निराळे आहे. तिथे भाडेच कायद्याने गोठलेले होते. दिवाण दौलत राय कपूर यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८० च्या सुमारास स्पष्ट केले, की भाडेनियंत्रण लागू असलेल्या इमारतीचे करयोग्य मूल्य प्रमाण भाड्याच्या वर नेता येत नाही. कर भाड्याला बांधलेला आणि भाडे कायद्याने थांबलेले, म्हणून करही थांबला.

मग सगळ्यांचे दर एकदा नीट का सुधारत नाहीत? कायद्याप्रमाणे पुढच्या वर्षाचे करांचे दर २० फेब्रुवारीपूर्वी ठरवायचे असतात. आयुक्तांनी अंदाजपत्रकात करवाढ सुचवायची आणि स्थायी समितीने ती फेटाळायची, हा क्रम पुणेकरांच्या ओळखीचा आहे. जुन्या घरांत राहणारे आजचे मतदार असतात. ज्या इमारतीचा पाया अजून खणायचा आहे, तिच्यात राहायला येणाऱ्यांचे मत कोणी विचारत नाही. त्यामुळे वाढीचा भार नव्या आकारणीवर टाकणे सोपे पडते. नाशिकमध्ये २०१८ साली तुकाराम मुंढे आयुक्त असताना नव्या मिळकतींचे दर वाढवले गेले, तेव्हा मोठे आंदोलन झाले.

त्यातच जकात गेली. २०१३ मध्ये तिच्या जागी स्थानिक संस्था कर आला. तोही २०१५ मध्ये बहुतेक व्यापाऱ्यांपुरता उठला आणि २०१७ मध्ये जीएसटी आला. आता जीएसटीपोटीचे अनुदान राज्याकडून येते. स्वतःच्या अधिकारात हमखास वसूल करता येईल असे मोठे उत्पन्न महापालिकेकडे मिळकतकराचेच उरले आहे. तो वाढणार हे मी मान्य करतो. तो फक्त नव्यांकडून वाढवणे मला मान्य नाही. सर्वांचे दर दरवर्षी थोडे थोडे सुधारले असते, तर आज एकाच रस्त्यावर ही तफावत दिसली नसती.

मुंबईने २०१० पासून दुसरा मार्ग धरला. तिथे कर भांडवली मूल्यावर, म्हणजे रेडी रेकनरच्या दरावर बेतलेला असतो आणि दर पाच वर्षांनी मूल्य सुधारायची तरतूद आहे. त्यामुळे जुन्या-नव्यातले अंतर कमी होते, पण जागेचे भाव वाढले की निवृत्त माणसाचाही कर वाढतो, त्याचे निवृत्तिवेतन वाढो वा न वाढो. ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना तिथे २०२२ पासून मालमत्ता कर माफ आहे. भांडवली मूल्याच्या काही नियमांवरून वाद थेट दिल्लीपर्यंत गेला आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते नियम अवैध ठरवणारा उच्च न्यायालयाचा निकाल कायम केला.

कॅलिफोर्नियात घर घेतलेल्या मराठी वाचकांना तुमची तक्रार लगेच कळेल. तिथे १९७८ च्या ‘प्रपोझिशन १३’ पासून घराचे मूल्य खरेदीच्या किमतीला धरून ठरते आणि त्यात वर्षाला २ टक्क्यांपेक्षा जास्त वाढ करता येत नाही. चाळीस वर्षे राहणारा शेजारी अगदी थोडा कर भरतो आणि काल आलेला त्याच्या कित्येक पट. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९२ मध्ये ही विषमता घटनेत बसते असे म्हटले. ती न्याय्य आहे, असे मला तेवढ्याने पटत नाही.

आता तुमच्या बिलातली सर्वांत महत्त्वाची तपासणी. ४० टक्के सवलत तुम्हाला मिळते आहे का?

या सवलतीची हकीकत प्रत्येक पुणेकर घरमालकाने माहीत करून घ्यावी अशी आहे. १९७० मध्ये महापालिकेने ठराव करून मालक स्वतः राहत असेल तर भाड्याच्या ६० टक्के रक्कमच धरायचे ठरवले आणि दुरुस्तीची वजावटही १० ऐवजी १५ टक्के केली. बरीच वर्षे हे सुरळीत चालले. पुढे लेखापरीक्षणात आक्षेप निघाला आणि २०१८ मध्ये राज्य सरकारने या ठरावावर फुली मारली. १ एप्रिल २०१९ पासून नव्याने आकारणी झालेल्या घरांना सवलत मिळेनाशी झाली. त्याआधीच्या घरांपैकी ज्यांत मालक राहत नसल्याची नोंद सर्वेक्षणात झाली, त्यांचीही सवलत काढून फरकाची बिले पाठवली गेली. दार बंद दिसले, मालक नोकरीवर गेलेला होता, आणि नोंद भलतीच झाली, अशा तक्रारींचा पाऊस पडला. शेवटी २०२३ मध्ये मंत्रिमंडळाने सवलत पुन्हा लागू केली, दुरुस्तीची वजावट १० टक्क्यांवर आणली आणि या दोन्हींच्या मागच्या फरकाची वसुली माफ केली.

पण ज्यांना सवलत नव्हती त्यांच्या बिलात ती आपोआप आली नाही. त्यांनी ‘पीटी-३’ अर्ज भरून स्वतः राहत असल्याचा पुरावा द्यायचा होता. तुमची इमारत २०१९ नंतरची दिसते, म्हणून हा प्रश्न आधी सोडवा. सवलत ४० टक्क्यांची असली तरी ती नसेल तर करपात्र रक्कम दोन तृतीयांशाने जास्त होते. वरच्याच उदाहरणात ९,०७२ च्या जागी १५,१२० रुपये येतील. सोसायटीचे राहत असल्याचे पत्र, मतदार ओळखपत्र किंवा गॅसचे पुस्तक, आणि शहरात दुसरी मिळकत असेल तर तिच्या कराचे बिल, एवढे घेऊन तुमच्या भागाच्या पेठ निरीक्षकांना भेटा. सवलत एकाच घराला मिळते आणि भाड्याने दिलेल्या घराला मिळत नाही.

सवलत मिळत असेल, तर क्षेत्रफळ, वापर आणि आकारणीची तारीख या नोंदी करारनाम्याशी आणि भोगवटा पत्राशी ताडून पाहा. पार्किंगची किंवा गच्चीची जागा राहत्या क्षेत्रात धरली गेल्याचे प्रकार होतात. नोंद चुकीची असेल तर आयुक्तांच्या नावे लेखी हरकत द्या. हरकतीचा निकाल पटला नाही, तर कलम ४०६ खाली १५ दिवसांत न्यायालयात अपील करता येते, पण आधी हरकत घेतलेली असली पाहिजे आणि मागितलेली रक्कम जमा केलेली असली पाहिजे. ‘सासऱ्यांना कमी आहे’ हे कारण मात्र तिथे चालणार नाही. त्यासाठी नगरसेवकाला गाठावे लागेल, तेही फेब्रुवारीच्या आधी.

प्रश्न : आमच्या नगरपालिकेने चतुर्थ वार्षिक आकारणीची नोटीस दिली आहे. घरपट्टी एकदम दीडपटीने वाढवली. घरात एक वीटही नवी लावलेली नाही. — एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : नगरपालिकांचा कायदा १९६५ चा आहे आणि त्यात दर चार वर्षांनी आकारणीची यादी नव्याने करायची तरतूद आहे. घरात बदल झाला नाही तरी भाड्याचा अंदाज बदलला म्हणून रक्कम वाढू शकते. हाती आलेली नोटीस ही प्रस्तावित आकारणीची असते, ती अंतिम नव्हे. बरेच लोक तिला बिल समजून चरफडतात आणि हरकतीची मुदत निघून जाते. मुदत नोटिशीवरच छापलेली असते. मोजमाप, मजल्यांची संख्या आणि बांधकामाचा प्रकार (पत्र्याच्या घराला आरसीसी लिहिले आहे का) हे पाहून हरकत द्या आणि सुनावणीला स्वतः हजर राहा. गल्लीतल्या चार-पाच घरांनी एकाच दिवशी मोजमापांसह हरकती दिल्या, तर त्यांचे वजन वेगळे पडते.

प्रश्न : आमचे गाव पुणे महापालिकेत गेले. रस्ता नाही, पाणी टँकरचे, आणि कर मात्र शहराचा. सेवा मिळत नाही तोवर कर भरणार नाही, असे आम्ही ठरवले तर? — समाविष्ट गावातील एक रहिवासी

उत्तर : तुमचा राग अगदी रास्त आहे. तरी भरणे पूर्ण थांबवू नका. थकबाकीवर महिन्याला २ टक्के शास्ती लागते आणि वर्षाला ती २४ टक्के होते. पुणे महापालिकेत २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावे आली. नव्याने आलेल्या गावांना शहराचा पूर्ण दर पहिल्याच वर्षी न लावता टप्प्याटप्प्याने लावायची तरतूद कायद्यात आहे. तुमच्या बिलात ते टप्पे पाळले आहेत का, ते पाहा. या गावांतल्या कराच्या वसुलीला २०२४ मध्ये राज्य सरकारने स्थगिती दिली होती, पण स्थगिती म्हणजे माफी नव्हे.

सर्वसाधारण कराच्या बदल्यात अमुक सेवा हवी, असा हक्क कायद्याने मिळत नाही. पाणीपट्टीचे तसे नाही. महानगरपालिका अधिनियमाच्या कलम १३० प्रमाणे ती दोनच ठिकाणी लावता येते : जिथे नळजोड दिला आहे, किंवा जिथे महापालिकेचे पुरेसे पाणी उपलब्ध असल्याची जाहीर सूचना आयुक्तांनी दिली आहे. टँकरवर जगणाऱ्या सोसायटीच्या बिलात पाणीपट्टीची ओळ असेल, तर ही सूचना कधी निघाली, ते माहितीच्या अधिकारात विचारा आणि तेवढ्याच ओळीवर हरकत घ्या. बाकीचा कर मुदतीत भरा आणि हरकतीच्या प्रतीवर आवक क्रमांकासह शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.